पंगतींतील रिकामा पाट

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गांवीं कांहीं जुने ताम्रपट सांपडले आहेत. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या वेळीं राष्ट्रकूट घराण्यांतील तिसरा इंद्र गादीवर होता, आणि संजाण मंडळाचा कारभार मधुमति सुगतिप नांवाच्या अधिकाऱ्याकडे सोंपविलेला होता. हा अधिकारी अरब होता. ताम्रपट त्याला ‘ताजिक’ म्हणतो. त्याच्या सत्कृत्यांची जी हकीकत ताम्रपटांत दिली आहे, ती वाचून आजहि कौतुक वाटतें. दोन नद्यांवर त्यानें लोकांसाठीं फुकट नावा ठेविल्या, आणि संजाण येथें एक सत्र, म्हणजे अन्नछत्र घातलें. तेथें येणाराला साळीचा भात, कालवणें आणि तूप विनामूल्य मिळे.

श्रोते हो, आजचा विषय कुमारवयीन मुलामुलींचा आहार आणि त्यांना द्यावयाचें आहाराचें शिक्षण हा आहे. मग हजार वर्षांपूर्वींच्या ताम्रपटापासून आरंभ कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, संजाणपासून वैतरणेपर्यंतच्या या पट्टींत परक्याच्या मुखीं घांस घालण्याची परंपरा जुनी आहे. प्रत्येक काळानें येथें आपल्या परीनें एक चूल पेटविली. परंतु कोणत्याहि अन्नछत्राची खरी परीक्षा वाढलेल्या पानांवरून होत नाहीं; पंगतींत कोणाचा पाट मांडलाच नव्हता, हें पाहून ती होते. संजाणच्या सत्रांत वाटसरू जेवला असेल, यात्रेकरू जेवला असेल. चार कोसांवरच्या रानांतली गुरें राखणारी पोर तेथें जेवली असेल, असें मानावयास मला आधार दिसत नाहीं. आजच्या पंगतींतहि एक पाट रिकामा आहे. तो कोणाचा, तें सांगावयाचें आहे.

पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु त्याचे दोन स्वभाव पूर्वापार आहेत. पश्चिमेस समुद्र, मिठागरें, सातपाटीसारखीं मासेमारीचीं गांवें आणि चिकूच्या वाड्या. पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर. डोंगरांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा जमातींची वस्ती. वारल्यांची धान्यदेवता कणसरी. ज्या लोकांनीं धान्यालाच देवता मानलें, त्यांच्या घरीं आषाढ-श्रावणांत कणगी रिकामी असे, हा या इतिहासांतला पहिला विरोधाभास होय. पेरणी झाली, पीक यावयास अवकाश आहे, अशा दिवसांत सावकाराकडून खाण्यापुरतें धान्य उसनें आणावयाचें. तिला खावटी म्हणत. सुगीच्या वेळीं मणाला दीड मण परत करावयाचें, ही दिढी. म्हणजे भुकेच्या दिवसांतला घांस पुढच्या वर्षाच्या घांसांतून कापून आणलेला असे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानें मुंबई सरकारला आदिवासी मुलखाविषयीं जो अहवाल दिला, त्यांत या कर्जाचें आणि त्यांतून उद्भवणाऱ्या वेठीचें वर्णन आहे. पुढें २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची परिषद भरली, वेठ करावयाची नाहीं असा निश्चय झाला. आणि त्याच वर्षीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं पांचशें पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला. या लढ्याला आपण राजकीय इतिहासांत जागा देतों. आहाराच्या इतिहासांतहि त्याला जागा दिली पाहिजे. कारण मजुरी वाढल्यावांचून पेजेंतला दाणा वाढत नाहीं.

याच सुमारास हिंदुस्थानांत पोषणाचें शास्त्र बाळसें धरीत होतें. निलगिरींतील कुन्नूर येथें मॅक्कॅरिसन या डॉक्टरानें निरनिराळ्या प्रांतांतील माणसांचा आहार उंदरांच्या पिलांना चारून पाहिला. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ आणि भाजी यांवर वाढलेलीं पिलें सुदृढ निघालीं. सडलेल्या तांदळावर वाढलेलीं खुरटलीं. त्याच्यानंतर आलेल्या ॲक्रॉइडनें १९३७ सालीं हिंदी खाद्यपदार्थांतील पोषक द्रव्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि ही विद्या शाळेंत पोंचली तेव्हां तिचें रूप पालटलें. दूध प्या, फळें खा, पालेभाज्या खा, अशीं तीन वाक्यें फळ्यावर लिहिलीं गेलीं, आणि मुलांनीं तीं पाठ केलीं. ज्याच्या घरीं गाय नाहीं त्यानें दूध कोठून प्यावें, हें त्या फळ्यावर लिहिलेलें नव्हतें. पोषण-शिक्षणांतला हा दोष पुढें पुष्कळ दिवस टिकला.

त्या दोषावरचा उपाय याच जिल्ह्यांत सांपडला, ही अभिमानाची गोष्ट आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, परंतु वस्तीवरचीं मुलें येईनात. दुसरा कोणी असता तर या लोकांना शिक्षणाची गोडी नाहीं असा शेरा मारून मोकळा झाला असता. या दोघींनीं बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द असा जन्मास आला. १९५७ च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तेव्हां दुसरी अडचण पुढें आली. जरा मोठीं मुलें दिवसभर गुरांमागें असत. त्यांच्यासाठीं कुरणांतच वर्ग भरूं लागला, त्याला कुरणशाळा म्हणत. शिकणारा जेथें आहे तेथें जावें, आणि त्याच्या हाताशीं जें आहे त्यांतून शिकवावें, असा कोसबाडचा धडा. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना देशांत सुरू झाली, तेव्हां तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. आज तें नांव देशाच्या कानाकोपऱ्यांत आहे. मात्र नांवाबरोबर धड्याचा अर्धाच भाग गेला. अंगणवाडी सहा वर्षांच्या आंतील मुलांची झाली. कुरणशाळेंतलीं मोठीं मुलें मागें राहिलीं.

आतां शाळेंतल्या जेवणाकडे वळूं. शाळेनें मुलाला जेवूं घालावें ही कल्पना इंग्लंडांत १९०६ च्या कायद्यानें रुजली. बोअर युद्धाच्या वेळीं भरतीस आलेले पुष्कळ तरुण शरीरानें नालायक ठरले, त्याचा तो परिणाम होता. आपल्याकडे मद्रास शहरांत १९२० च्या सुमारास असा उपक्रम झाला. सर्व देशासाठीं योजना यावयास मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडला, आणि तेव्हांहि मुलांच्या हातीं बहुतेक ठिकाणीं तांदूळच पडले. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलेंच अन्न द्या असा हुकूम केला, आणि मग शाळाशाळांतून खिचडीचा वास येऊं लागला. पुढें सहावी ते आठवीच्या मुलांनाहि योजनेंत घेतलें. त्यांच्यासाठीं रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनें असें प्रमाण ठरलें.

या अवधींत डोंगरांतील दैन्य संपलें होतें असें नव्हे. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें दगावलीं, आणि मुंबईपासून चार तासांच्या अंतरावर मुलें कुपोषणानें मरतात हें राज्याला कळलें. त्यानंतर उपाय झाले, चौकश्या झाल्या, योजना आल्या. २०१५ सालीं निघालेल्या अमृत आहार योजनेनें आदिवासी भागांतील गर्भवती आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचें ताजें जेवण देऊं केलें. पुढें लहान मुलांसाठीं अंडीं व केळीं तींत आलीं.

श्रोते हो, हे सर्व पाट आतां एका ओळीनें मांडून पहा. सहा वर्षांपर्यंतचें मूल अंगणवाडींत जेवतें. पहिलीपासून आठवीपर्यंतचें मूल शाळेंत जेवतें. गर्भवती झालेली स्त्री अमृत आहाराच्या पंगतीस बसते. मग आठवी संपल्यापासून आई होईपर्यंत मुलगी कोठें जेवते? आश्रमशाळेंत राहात असेल तर तेथें तिचें पान आहे. परंतु जी गांवांतच राहून नववीला जाते, किंवा जिनें शाळा सोडली आहे, तिच्यासाठीं सार्वजनिक पंगतींत पाट नाहीं. २०१० सालीं ‘सबला’ या नांवानें अकरा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठीं एक योजना देशांतील निवडक २०० जिल्ह्यांत आली होती. पुढें ती शाळा सोडलेल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलींपुरती उरली. २०२२ पासून ती चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठीं आहे, परंतु ईशान्येकडील राज्यें सोडल्यास फक्त ‘आकांक्षित’ ठरविलेल्या जिल्ह्यांत. महाराष्ट्रांत असे चार जिल्हे आहेत: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. पालघर त्यांत नाहीं.

ही चौदा ते अठराचीं वर्षें शरीराच्या हिशेबांत कशीं असतात? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं जीं प्रमाणें दिलीं, त्यांत प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरेसें मानलें आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२ मिलिग्रॅम लागतें. म्हणजे घरांत जो पुरुष आधीं जेवतो, त्याच्याहून मागाहून जेवणाऱ्या मुलीची गरज दीडपटीपेक्षां जास्त आहे. हाडें वाढत असतात, रक्त वाढत असतें, आणि दरमहा कांहीं रक्त जात असतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुली रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या मुलग्यांत हें प्रमाण शेंकडा ३१ होतें. रक्तक्षयाचें कारण केवळ अन्नच नव्हे. पोटांतले जंत, हिंवताप, आणि कांहीं आदिवासी जमातींत आनुवंशिक सिकलसेल हींहि कारणें आहेत. परंतु कारण कोणतेंहि असो, अशी मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं गर्भवती म्हणून अन्नछत्राच्या दाराशीं येते, तेव्हां तेथील अन्नानें तिची आजची भूक भागते. मागील पांच वर्षांची तूट चार महिन्यांच्या जेवणानें भरून निघत नाहीं. बालमृत्यूची कथा जेथून आपण सांगावयास लागतों, त्याच्या कितीतरी आधीं ती सुरू झालेली असते.

पश्चिमेकडची, बोईसर-तारापूरची हकीकत थोडी निराळी आहे. १९६९ सालीं तारापूरची अणुवीज सुरू झाली, औद्योगिक वसाहत वाढली, परप्रांतांतून कामगार आले, चाळी उठल्या. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्या, आणि पालघर-बोईसरचीं मुलें विरारपलीकडे शिकावयास आणि नोकरीस जाऊं लागलीं. येथें कणगी रिकामी असण्याचा प्रश्न तितका नाहीं. वेळेचा आणि मोहाचा आहे. आई पाळीवर, मुलगा सकाळच्या गाडीला. डबा राहून जातो, आणि स्टेशनाबाहेर वडापाव व पांच रुपयांचें कुरकुरीत पाकीट हात पुढें करून उभें असतें. शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरांच्या आंत अति तेलकट, अति गोड, अति खारट पदार्थ विकूं नयेत, असा नियम २०२० सालीं झाला आहे. नियम चांगला आहे. परंतु एकावन्नाव्या मीटरावर मुलाला त्याची स्वतःची बुद्धि उपयोगी पडली पाहिजे, आणि ती बुद्धि नियमानें येत नाहीं.

आणि अन्न पोंचविलें म्हणजे ज्ञानहि पोंचलें असें नव्हे, याचा दाखला बोईसरजवळच आहे. आश्रमशाळांतील मुलांसाठीं कांबळगांव येथें गेल्या दशकांत एक मोठा मध्यवर्ती मुदपाकखाना उभारण्यांत आला. चिंचणीच्या ताम्रपटापासून तो फार दूर नाहीं. तेथें यंत्रांनीं अन्न शिजूं लागलें आणि गाड्यांतून मैलोगणती दूरच्या शाळांना जाऊं लागलें. हेतु चांगला होता. ऑगस्ट २०२४ मध्यें तेथून अन्न गेलेल्या डहाणू भागांतील आश्रमशाळांत दोनशेंहून अधिक मुलांना उलट्या व मळमळ होऊन औषधोपचार करावे लागले, हें वर्तमानपत्रांतून आपण वाचलें. दोष कोणाचा, हा आजचा विषय नाहीं. मी एवढेंच म्हणतों कीं, ज्या मुलीनें चूल, डाळ, तांदूळ, भाजी यांपैकीं कांहींच पाहिलें नाहीं, जिच्यापुढें ताट केवळ येतें, ती त्या ताटाविषयीं काय शिकणार? शाळेंत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीचें असेंच आहे. तींत ६० मिलिग्रॅम लोह असतें आणि ती उपकारक आहे. परंतु ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटीं घेतली तर मळमळतें, एवढें समजावून सांगितलें नाहीं तर मुली ती गुपचूप खिडकीबाहेर टाकतात.

मग शिक्षण कसें असावें? कोसबाडच्या रीतीचें. मुलीच्या हाताशीं काय आहे, तेथून आरंभ करावा. तिच्या आजीला पहिल्या पावसांत शेवळें कोठें उगवतात तें ठाऊक असतें, आणि तीं काकडांच्या आंबट रसावांचून शिजविलीं तर घशाला खाजतात हेंहि ठाऊक असतें. कडूकंद किती वेळां उकळावा आणि वाहत्या पाण्यांत किती ठेवावा, हें ती जाणते. याला रसायनशास्त्र म्हणावयाचें नाहीं तर दुसरें काय? या ज्ञानाला शाळेंत मान मिळाला तर मुलीला आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटणार नाहीं. ही लाज हाच आज पोषणाचा मोठा शत्रु आहे. नाचणीची भाकरी डब्यांत आणली कीं मैत्रिणी हंसतात, म्हणून ती घरीं राहते, आणि तिच्या जागीं मैद्याचें बिस्किट येतें. त्या मुलीला सांगावें कीं, शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, आणि पांढऱ्या तांदळांत दहासुद्धां मुष्किलीनें. सातपाटीच्या मुलीला सांगावें कीं, तिच्या अंगणांत वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांत शंभर ग्रॅमांस साठ ग्रॅमांच्या आसपास प्रथिनें आहेत. बाजारांतल्या चकचकीत डब्यांतल्या भुकटीपुढें तिनें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. पालेभाजीवर लिंबू पिळलें कीं त्यांतलें लोह अंगीं लागतें, आणि जेवणाला लागून चहा प्याला कीं तें वायां जातें, हें एका दुपारीं शिकवितां येतें. चहा तासभर पुढें ढकलावयास पैसाहि लागत नाहीं.

परंतु येथें एक सावधगिरी हवी. ज्ञान हें अन्नाच्या जागीं देऊं नये. ज्या घरचीं माणसें दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, जेथें चौदा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून उरेल तें खाते, तिला समतोल आहारावर व्याख्यान देणें हा अपमान आहे. ती अज्ञानामुळें उपाशी नाहीं. तिला आधीं जेवण आणि मग धडा. किंबहुना एकाच चुलीपाशीं दोन्हीं. ज्या गांवांत लहान मुलांसाठीं आणि मातांसाठीं रोज चूल पेटते, तेथें या मुलींचीं पानें वाढविणें अशक्य नाहीं. आठवड्यांतून एक दिवस त्यांनीं तेथें स्वतः रांधावें, मोजावें, वाटावें, आणि आपणहि बसावें. स्वतः रांधून सर्वांबरोबर पोटभर जेवण्याची संवय ज्या मुलीला कुमारवयांत लागली, ती पुढें आपल्या घरांतहि शेवटची जेवणार नाहीं, आणि आपल्या मुलीलाहि शेवटीं जेवूं देणार नाहीं. माझ्या मतें पोषण-शिक्षणाचें सारें सार एवढेंच आहे.

संजाणच्या अन्नछत्राची आज एकहि वीट दिसत नाहीं. राहिला आहे तो ताम्रपट. त्यावर काय वाढलें तें लिहिलें आहे. कोण जेवलें नाहीं तें लिहिलेलें नाहीं. ताम्रपट तें कधींच लिहीत नसतात. आपल्या काळाचा लेख पुढें कोणी वाचील, तेव्हां त्यांत योजनांचीं नांवें पुष्कळ असतील. जव्हारच्या डोंगरांतली नववींतली मुलगी त्या पंगतींत बसली होती कीं नाहीं, हें मात्र तिच्या मुलांच्या हाडांवरून आणि रक्तावरून वाचावें लागेल. तो लेख अजून कोरला जात आहे.